मिठानं काही होत नाही

३ जुलै २०२५, गुरुवार

वहीच्या पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची शिस्त मी चौतीस वर्षं मुलांना लावली, तेव्हा ती मलाही लागू. गहिनीनाथ शेळके, निवृत्त विज्ञान शिक्षक, मुक्काम भिंगार. ही डायरी पतसंस्थेनं जानेवारीत फुकट दिली होती. सहा महिने मी तिच्यावर चष्मा ठेवत होतो. आज वही उघडली, कारण आज जे पाहिलं ते लिहून ठेवलं नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

सून धनश्री हिनं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शाडूच्या गणपतींचं काम काढलंय. एक शाळा आणि एक हाउसिंग सोसायटी मिळून दोनशे वीस मूर्ती, तेवीस ऑगस्टला पोचवायच्या. माती हातानं दाबून एवढ्या मूर्ती व्हायच्या नाहीत, म्हणून ती पातळ करून साच्यात ओतायची असं तिनं ठरवलं. हे ती मोबाईलवर शिकली. मोबाईलवर शिकलेल्या गोष्टींबद्दल माझं मत घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी खुर्ची टाकून गंमत बघायला बसलो.

निळ्या ड्रममध्ये माती इतकी घट्ट होती की बजरंगचं दांडकं त्यात उभं राहत होतं. (बजरंग म्हणजे तिचा कारागीर. दोघं आधी एकाच प्लास्टरच्या कारखान्यात होते, ती डोळे रेखायची, तो साचे भरायचा.) धनश्रीनं चहाच्या कपानं सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतलं. पाण्याचा एक थेंब घातला नाही. दांडकं चार वेळा फिरलं आणि त्या चिखलाचं दूध झालं. मी खुर्चीतून उठलो. चौतीस वर्षं 'श्यानता' हा शब्द फळ्यावर लिहिला, त्यावर पोरांचं हसू झेललं, पण श्यानता अशी डोळ्यांदेखत मरताना कधी पाहिली नव्हती.

कारण मला माहीत होतं, हे वेगळं. नात संस्कृती सहावीत आहे, तिला सांगितलं. मध पाण्यापेक्षा सावकाश का पडतो? तिथे रेणू रेणूला धरून ठेवतो. मातीत रेणूंऐवजी कणांचं तसंच. शाडूचे कण म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या चपट्या पापड्या. पापडीच्या पाठीपोटावर एक विद्युतभार, कडेला त्याच्या उलट. म्हणून एकीची कड दुसरीच्या पाठीला चिकटते, पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि पाणी त्याच्या खोल्यांत कोंडलं जातं. पाणी असतं तेवढंच, पण वाहायला मोकळं नसतं. सिलिकेट घातलं की सगळ्या पापड्यांवर एकाच जातीचा भार येतो, त्या एकमेकींना दूर लोटतात आणि बंगला पडतो.

"आणि परत उभा राहिला तर?" संस्कृतीनं विचारलं.

"आपण बसलोय ना इथं," मी म्हणालो.

५ जुलै, शनिवार

पहिली मूर्ती साच्यातून निघाली. सोंडेची वळी, बोटांची पेरं, सगळं स्वच्छ. मी दंतमंजनाच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून मोजमाप तयार केलंय. डबा पातळ मातीनं भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. बावीस सेकंद. बजरंग म्हणाला, "सर, माती पडंल तशी पडंल, तिला घड्याळ कशाला?" मी त्याला मोजमापाचं महत्त्व समजावलं. त्यानं ऐकून घेतलं.

दिवसभर गल्ली लोटली. जो तो मूर्तीला हात लावून धनश्रीचं कौतुक करत होता. चांगुणाला मात्र ते मानवलं नाही. माझी बायको असूनही तिच्यावर विज्ञानाचा काडीचा परिणाम नाही. संध्याकाळी म्हणाली, "लई लोकांनी बघितलं आज. येवढं कवतिक बरं न्हवं. मंगळवारी मीठमोहरी उतरवून टाकते."

मी म्हणालो, "घरात धूर करायचा नाही. मला ठसका लागतो. आणि मिठानं काही होत नाही, हे तुला किती वेळा सांगायचं?"

"धूर न्हाई करीत," ती म्हणाली.

तिनं एकदा तरी माझं ऐकलं याचा आनंद झाला.

९ जुलै, बुधवार

हे काय झालं मला कळत नाही.

काल दुपारी चार वाजता बावीस सेकंद. आज सकाळी डब्याच्या भोकातून एक थेंब पडेना. एक मिनिट, दोन मिनिटं, माझा हात भरून आला. ड्रममध्ये दही लागावं तसं लागलं होतं. धनश्रीनं आणखी सिलिकेट घातलं, ढवळून ढवळून तिचे खांदे गेले, पण माती जागची हलेना. तसंच साच्यात ओतून पाहिलं. मूर्ती निघाली ती कानांशिवाय, आणि सोंड साच्यातच राहिली.

धनश्री त्या सोंडेकडे बघत उभी राहिली. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. माझा मुलगा वैजनाथ जाऊन जूनमध्ये तीन वर्षं झाली. काष्टीचा तिचा भाऊ आसाराम दर महिन्याला फोन करतो, इकडं ये, संस्कृतीचं नाव इकडच्या शाळेत घालू. या वर्षी तिनं त्याला सांगितलंय की ही गणपतीची ऑर्डर पार पडली तर राहीन, नाही तर दिवाळीला येईन. तिनं हे मला आणि चांगुणाला समोर बसवून सांगितलं, लपवाछपवी केली नाही. त्या दोघी गेल्या तर या घरात दोन म्हातारी आणि एक टीव्ही उरेल.

ते मी होऊ देणार नाही. विज्ञान आहे, कारण सापडेल.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुमचे प्रयोग अजून आठवतात." बरं वाटलं.

संशय बोअरच्या पाण्यावर. आमचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. पाण्यातला चुना पापड्यांना परत एकत्र आणत असणार. आजपासून फक्त पावसाचं साठवलेलं पाणी. नवा ड्रम भिजवला.

१३ जुलै, रविवार

परत. काल चोवीस सेकंद, आज दही.

मी अक्षरशः खाली बसलो. पाणी पावसाचं होतं, सिलिकेट मोजून घातलं होतं, दांडकंसुद्धा धुतलेलं. चांगुणा शेडच्या दारात येऊन बघून गेली. तिचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. "परत झालं?" म्हणाली. "लई मोठी हाय म्हनायची." काय मोठी, ते विचारायला मला वेळ नव्हता.

बिघडलेली माती धनश्रीनं चाळणीतून काढली तेव्हा एक मोठा पुरावा हाती लागला. चाळणीवर सहा-सात बारीक गोल दाणे, मातीनं माखलेले. शाडूत बी कुठून येणार? म्हणजे माती विकणारा भेसळ करतो. कुठल्या तरी शेतातला पोयटा मिसळतो, त्यात रानटी बी. दाणे बाटलीत भरून 'अज्ञात बी' अशी चिठ्ठी लावली.

दुसरी नोंद. बुधवारच्या बिघडलेल्या मातीचा गोळा उन्हात वाळला, त्यावर पांढरी बुरशीसारखी साय आली आहे. बुरशी नाही, क्षार आहे. चाखून पाहिलं असतं, पण प्रयोगशाळेत कोणतीही वस्तू जिभेला लावू नये हा नियम मी कधी मोडला नाही.

बाटलीतले तीन दाणे कुंडीत पेरले. रोप आलं की ओळख पटेल आणि मग त्या माती विकणाऱ्याची गाठ माझ्याशी.

१५ जुलै, मंगळवार

दुसऱ्या दुकानातून शाडू आणला. भिजवला. तेवीस सेकंद.

घरातलं खडे मीठ परत संपलं. या महिन्यात तिसऱ्यांदा मला किराण्याला पिटाळलं. चांगुणाला रक्तदाबाबद्दल सांगितलं की या वयात माणसानं मीठ अर्ध्यावर आणावं. "व्हय," म्हणाली. आमटीत मीठ कमीच होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

१६ जुलै, बुधवार

तिसऱ्यांदा. माती नवी, दुकान नवं, पाणी ढगातलं, आणि तरीही दही. चाळणीवर तेच दाणे.

आता राहतं कोण? रात्रभर शेडला कुलूप असतं. किल्ल्या दोन, एक घरात आणि एक बजरंगकडे. मी सरळ विचारलं. "बजरंग, ड्रममध्ये काय टाकलंस?"

तो साचा पुसत होता. "मी काय टाकू, सर? तुमी दिलेली माती, तुमी दिलेलं पानी."

"तुझ्या जुन्या मालकाला आमचं काम बंद पडलेलं हवंच असेल."

त्यानं साचा खाली ठेवला. साच्याची दोन्ही फाळकी नीट एकमेकांवर बसवली, त्यांना दोरी बांधली, मग किल्ली काढून खुर्चीवर ठेवली. "हातातलं काम टाकून म्या कदी गेलो न्हाई, सर," म्हणाला. "पर चोर म्हनून ऱ्हानं बी जमत न्हाई."

धनश्री बाहेरून आली तोवर तो गेला होता. माझं ऐकून ती भिंतीला टेकली. "नाना, बजरंगदादा असलं करायचे नाहीत. आणि ते नसतील तर साचे उघडायचे कुणी?"

मी म्हणालो, पुरावा तेच सांगतो.

१८ जुलै, शुक्रवार

धनश्रीनं एकटीनं पाच मूर्ती काढल्या. तीन तडकल्या. आसारामचा फोन आला तेव्हा नेहमीसारखी ती अंगणात गेली नाही, माझ्यासमोरच बोलली. "बघू दादा. दिवाळीपतुर बघू." चांगुणा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

२० जुलै, रविवार

कुंडीतले दोन दाणे उगवले. काल संध्याकाळी ड्रम परत बिघडला म्हणून धनश्री डोकं धरून ओट्यावर बसली होती, तिला कुंडी दाखवली. म्हटलं, वनस्पतिशास्त्र काय म्हणतंय बघ. पानं हृदयाच्या आकाराची, जोडीनं.

तिनं एकदाच पाहिलं. "नाना, ही मोहरी आहे."

मी थक्क झालो, पण क्षणभरच. म्हणजे मोहरीच्या रिकाम्या पोत्यांत माती भरतात! दोन्ही दुकानदारांचा पोतीवाला एकच असणार. हे सगळं मी तिला समजावून सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. ती स्वयंपाकघराकडे बघत होती. मग एकदम उठून गेली.

सासू-सुनेचं काही बिनसलं आहे की काय? रात्री जेवताना ती चांगुणाच्या ताटात स्वतःहून वाढत होती, एरवी चांगुणा तिला वाढते.

२२ जुलै, मंगळवार

धनश्रीनं ड्रमांना झाकणं बसवून वरून सुतळी गुंडाळली. विचारलं तर म्हणाली मांजर येतं. मांजराचा आणि श्यानतेचा संबंध मला दिसत नाही, पण बोललो नाही.

काल आणि आज पंचवीस सेकंद. निष्कर्ष काढण्याची घाई नको.

२४ जुलै, गुरुवार. अमावास्या

जे पाहिलं ते आधी लिहून काढतो.

रोज तिन्हीसांजेला मी किल्ल्यापर्यंत फिरायला जातो. आज कोपऱ्यावरच चपलेचा अंगठा तुटला म्हणून परत फिरलो. धनश्री संस्कृतीला क्लासवरून आणायला गेली होती. शेडचं दार लोटलेलं होतं. मला वाटलं मांजर.

आत चांगुणा होती. ड्रमची सुतळी तिनं सोडून नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती, झाकण भिंतीशी उभं केलं होतं. उजव्या हाताची मूठ ती ड्रमवरून उतरवत होती. ओठ हलत होते. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, बघनाऱ्याची. धनश्रीला लागलेली, माज्या पोरीला लागलेली. ह्या घरातनं आता कुनी जाऊ नगं. आता कुनी बी जाऊ नगं." सात वेळा. मग मूठ उघडली. खडे मातीत पडल्याचा आवाज आला, टप टप. दुसरी मूठ. मग तिनं झाकण लावलं, सुतळी पहिल्यासारखी बांधली आणि ड्रमला हात लावून तो कपाळाला लावला.

मी दाराच्या पत्र्यामागे उभा. ती माझ्या हातभर अंतरावरून गेली आणि मी तिला दिसलो नाही.

तिच्या आईकडे, पाथर्डीच्या पुढे, म्हशीनं दूध आखडलं की असंच करत. मीठ उतरवायचं आणि तिच्याच पाण्यात सोडायचं. मी नवा जावई असताना हे पाहून हसलो होतो. धूर नको म्हणून मीच सांगितलं होतं. तिनं धूर केला नाही.

२५ जुलै, शुक्रवार

झोप नाही. पहाटे दोन काचेचे पेले घेतले, दोन्हींत चांगली पातळ माती. एकात मिठाचे चार खडे टाकून ढवळलं. पाच मिनिटांत पेला उलटा केला तरी माती पडेना. दुसऱ्यातली पाण्यासारखी हलत होती.

मग मी वाळलेल्या गोळ्यावरची पांढरी साय जिभेला लावली. खारट.

दर वर्षी, सातवीच्या वर्गात, मी हेच करून दाखवत असे. नदीचं गढूळ पाणी समुद्राला मिळालं की गाळ खाली का बसतो? गढूळ पाण्याच्या नळीत चमचाभर मीठ. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे भारित कण पापड्यांमधलं लोटणं झाकून टाकतात, पापड्या जवळ येतात, चिकटतात, पुंजके होतात. "बघा रे, मिठानं काय होतं ते." हे माझं वाक्य होतं. पोरं पुढे येऊन माना उंचावून बघायची. गुरुपौर्णिमेला फोन करणाऱ्यांना आठवतो तो प्रयोग बहुधा हाच. आणि सोळा दिवस मी बोअर, पोती, दुकानदार आणि एका सरळ माणसाला धरून बसलो होतो, कारण घरात मी दुसरंच वाक्य म्हणतो.

ते वाक्य पहिल्यांदा कधी म्हणालो ते लिहायला पाहिजे. तीन वर्षांत कुणापाशी बोललो नाही, वहीपाशी बोलतो.

वैजनाथनं नवी मोटरसायकल घेतली होती. मित्राबरोबर शिर्डीला निघाला. चांगुणा मूठ मिटून दारात आली, म्हणाली थांब, उतरवून टाकते. मी म्हणालो, "मिठानं काही होत नाही. मिठानं अपघात टळत असते तर ट्रॅफिक पोलिसांनी शिट्टीऐवजी मिठाची पिशवी बाळगली असती." सगळे हसले. वैजनाथ तर खूप हसला. त्यानं किक मारली. चांगुणा मूठ तशीच धरून उभी होती. कोल्हारच्या अलीकडे ट्रकनं त्याला उडवलं, दुपारी दीड वाजता.

तो विनोद नंतर घरात कुणी काढला नाही. चांगुणानं एका शब्दानं मला बोल लावला नाही. मला वाटत होतं ती विसरली.

२६ जुलै, शनिवार

सकाळी आधी धनश्रीशी बोललो. तिला मोहरी ओळखली त्याच दिवशी कळलं होतं. "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "कशी बोलू, नाना? त्यांच्या हातात तेवढंच राहिलंय. मला वाटलं झाकण बांधलं की भागेल." तिची वर्षाची मेहनत ड्रममध्ये गोठत होती, आणि ही सुतळी बांधत होती.

मग बजरंगच्या खोलीवर गेलो. त्यानं खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी म्हणालो, "बजरंग, चूक माझी. ड्रममध्ये मीठ पडत होतं, घरातूनच. तुझ्यावर आळ घेतला, माफ कर." चौतीस वर्षांत कुणा विद्यार्थ्यापुढे हे वाक्य म्हटल्याचं आठवत नाही, आणि हा तर विद्यार्थीही नव्हता.

तो म्हणाला, "मीठ कुनी टाकलं ते इचारत न्हाई म्या. ती खराब झालेली माती फेकली तर न्हाई ना?"

"पाचही ड्रमांची माती पडून आहे."

"मंग त्याचं उंदीर करू. दाबून भरायला घट्टच माती लागती, पातळ काय कामाची?" आणि त्यानं शर्ट चढवला.

२७ जुलै, रविवार

चांगुणाला सांगितलं.

सांगावंच लागणार होतं. दृष्ट काढायचे वार मंगळवार नि शनिवार; मंगळवार आला की ती परत मूठ घेऊन जाणार. काल मी मिठाची बरणी माझ्या पुस्तकांच्या कपाटावर लपवून ठेवली होती, पण असं किती दिवस चालणार? धनश्री म्हणाली, नाना, हळू सांगा. मी रात्रभर भाषण तयार केलं. सकाळी त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही.

मी दोन पेले ओट्यावर ठेवले. एक उलटा केला, माती पडली नाही. दुसरा कलंडला तशी माती ओघळली. "दोन्हींत माती तीच," म्हणालो. "पहिल्यात मीठ आहे."

जिनं चाळीस वर्षं कणीक मळली, ताक घुसळलं, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती पेल्याकडे बघत राहिली. बोट लावून पाहिलं. हळूहळू तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"म्हंजी म्याच," ती म्हणाली. "माज्याच हातानं."

"तुला माहीत नव्हतं."

"बजरंगला बी माज्यामुळं..."

"बजरंगला माझ्यामुळं," मी म्हणालो.

ती पाटावर बसली. पदर तोंडाला लावला, रडली नाही. मग म्हणाली, "तुमी तर म्हनला हुता, मिठानं काय हुत न्हाई."

"चुकलो. मिठानं होतं."

हे वाक्य मी माघार म्हणून बोललो होतो. वाटलं होतं, तिला थोडं हलकं वाटेल. पण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं, तेव्हा वाक्य परत घ्यायला उशीर झाला होता.

"मंग त्या दिशी," ती म्हणाली, "तुमी मला उतरवू दिलं आसतं, तर?"

उत्तर मला येत होतं. एका शब्दाचं उत्तर. ट्रक, वेग, वळण, ओला रस्ता, यात मिठाला जागा नाही. कुठल्याही परीक्षेत मी ते उत्तर बरोबर धरलं असतं. पण ते उत्तर तिला तीन वर्षांपूर्वी देऊन झालं होतं, सगळ्यांसमोर, हसत हसत. आणि तिनं विचारलं होतं ते मिठाबद्दल नव्हतंच. दोन मिनिटं तो दारात थांबला असता. त्या दोन मिनिटांत ट्रक पुढे गेला असता की नसता?

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "थांबवायला पाहिजे होतं मी त्याला. तुझ्यासाठी."

तिनं दोन्ही पेले उचलून मोरीत नेले. पहिला घासायला बराच वेळ लागला.

९ ऑगस्ट, शनिवार

एकशे दहा मूर्ती झाल्या. एकवीस सेकंद. मिठाच्या मातीचे उंदीर वाळल्यावर पाठीवर पांढरे पडतात, बजरंग ओल्या फडक्यानं पुसून मग रंग देतो. चांगुणा शेडमध्ये पाऊल टाकत नाही. बोलावलं तरी दारातून परत जाते.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नऊला टेम्पो आला. दोनशे वीस मूर्ती, पेंढ्यात एकेक गुंडाळून. धनश्री पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर वहीसारखा धरलेला एक जादा गणपती, फुटला तर बदली म्हणून. काल तिनं आसारामला फोन करून सांगितलं की संस्कृतीची सहामाही इथंच होईल. त्यापुढचं बोलली नाही, मीही विचारलं नाही.

ड्रायव्हरला घाई होती, दुसरं भाडं होतं. त्यानं इंजिन सुरू केलं. मी हात करायला म्हणून मागं वळलो, तर चांगुणा दाराच्या आत उभी होती. उंबऱ्याच्या आत, भिंतीला लागून. उजव्या हाताची मूठ मिटलेली, पदराखाली लपवलेली. ती पुढं येत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

टेम्पो हलला होता. मी समोर जाऊन बॉनेटवर हात ठेवला.

"काय वो सर?" ड्रायव्हर म्हणाला.

"दोन मिनिटं थांब."

"उशीर हुतोय."

"होऊ दे."

चांगुणा आली. टेम्पोभोवती तिला फिरता येईना, गल्ली अरुंद आहे, म्हणून तिनं धनश्रीच्या खिडकीपाशी उभं राहूनच उतरवलं. धनश्रीनं डोळे मिटले होते. मी मोजलं, सात वेळा. मग ती मूठ तशीच घेऊन उभी राहिली, आणि मला कळलं की ती जागा शोधते आहे. शेडकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

टेम्पो गेल्यावर मी माळ्यावरची जुनी लोखंडी शेगडी काढली. चार कोळसे पेटवून अंगणात तिच्यापुढं ठेवली. तिनं मूठ सोडली. मीठ तडतडलं, मोहरी उडाली आणि धूर सरळ माझ्या तोंडावर आला. मला जोराचा ठसका लागला, पण मी तिथून हललो नाही.